धर्म माणसाला विश्वाच्या मध्यभागी बसवतो का?

उत्तरतीर

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक व्याख्यान झालं. वक्ते अभ्यासू होते, बोललेही छान. पण शेवटी त्यांनी एक विधान केलं ते काही माझ्या डोक्यातून जाईना. कोपर्निकसने माणसाला विश्वाच्या मध्यावरून उतरवलं आणि त्या दिवसापासून जगातल्या सगळ्या धर्मांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण माणूस मध्यभागी आहे याच समजुतीवर ते उभे होते, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

सगळे धर्म? मला हे घाईचं वाटतं. आपल्या घरातलाच संकल्प घ्या. चौरंगासमोर पाटावर बसायचं, उजव्या हातात पाणी-अक्षता घ्यायच्या आणि गुरुजी सांगतील तसं म्हणायचं. सुरुवात ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धापासून. मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण. यातला एकटा कल्पच ४३२ कोटी वर्षांचा. काळ झाला की जागा येते: जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड. पुण्याकडचे नातेवाईक तिथे गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात, आमच्या घरी इंदुरात कित्येक पिढ्या नर्मदेचा उत्तर तीर म्हणतात. मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. इतकं सगळं झाल्यावर कुठे आपलं गोत्र आणि नाव.

ज्याला स्वतःला मध्यभागी बसवायचं आहे तो आपलं नाव इतक्या शेवटी घेईल का?

पण मला अडवणारी गोष्टही त्याच संकल्पात आहे. नाव उच्चारलं की लगेच पुढे येतं, आम्हां सर्वांच्या सहकुटुंब सहपरिवार क्षेम, स्थैर्य, आयुरारोग्य, ऐश्वर्याच्या अभिवृद्धीसाठी. म्हणजे विश्वाचं वर्णन करताना मी कोपऱ्यात, आणि मागणं मागताना सगळं विश्व माझ्याभोवती. या दोन्हींतला धर्म कोणता? आपापल्या परंपरेतून, वाचनातून लिहा. वक्त्यांवर टीका नको.

तर्कशुद्ध

उत्तरतीर, प्रश्न चांगला मांडलात, पण उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. वर्णन कितीही अफाट असो, देव अखेर ऐकतो कोणाचं? माणसाचं. अवतार घेतो कोणासाठी? माणसासाठी. चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगायच्या आणि त्यांतून मोक्षाचं दार फक्त एकीलाच उघडं ठेवायचं, हे मध्यभागी बसवणं नाही तर काय? रामदासांनी दासबोधाच्या पहिल्या दशकातला एक अख्खा समास, दहावा, नरदेहाच्या स्तवनाला दिलाय. पशुदेहाला गती नाही असं त्यात स्वच्छ सांगितलंय. बौद्धांकडेही तेच. महासागरात एक आंधळं कासव शंभर वर्षांतून एकदा वर येतं आणि पाण्यावर तरंगणाऱ्या जोखडाच्या भोकात नेमकी त्याची मान अडकते, मनुष्यजन्म तितका दुर्मिळ. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला मासे, पक्षी आणि सगळ्या जीवांवर सत्ता देतो.

सावरकरांचा ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ हा निबंध इथे अनेकांनी वाचला असेल. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण हा प्रश्न मराठीत इतका थेट फार थोड्यांनी विचारला. माणसाने स्वतःच्या सोयीचा देव कल्पिला, विश्व चालवणाऱ्या शक्तीला माणसाच्या सुखदुःखाचं सोयरसुतक नाही, असा त्याचा रोख आहे.

आता आकडे बघा. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. पृथ्वीचं सुमारे ४५४ कोटी. आपली जात फार तर तीन लाख वर्षांची. हे सगळं आपल्यासाठी मांडलं होतं, तर बाकीचा काळ कोणासाठी होता?

पाटीफळा

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कोपर्निकसच्या गोष्टीबद्दल राहवत नाही. ती गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात फार सोपी करून टाकली.

पहिलं म्हणजे, मध्यभाग हा मानाचा भाग आहे हे आपण गृहीत धरतो. जुन्या युरोपात तसं नव्हतं. अॅरिस्टॉटलच्या विश्वात जड, नाशिवंत, गढूळ ते सगळं खाली मध्याकडे येतं. वर चंद्रापासून पुढे सगळं शुद्ध आणि अविनाशी. दांतेच्या काव्यात पृथ्वीच्या अगदी मध्यबिंदूवर कोण आहे? सैतान. माणूस मध्याजवळ होता तो सिंहासनावर होता म्हणून नव्हे, तळाशी होता म्हणून. पृथ्वीला ग्रहांच्या रांगेत नेऊन बसवणं म्हणजे त्या हिशेबाने बढतीच.

दुसरं, कोपर्निकस स्वतः चर्चच्या सेवेत होता. १५४३ साली आलेलं त्याचं पुस्तक पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेलं आहे. त्यावर चर्चने बंदी घातली ती १६१६ साली, सत्तराहून जास्त वर्षांनी. गॅलिलिओचा खटला १६३३ चा, आणि त्याच्या बाबतीत चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केलं. अन्याय झालाच, तो झाकायचं कारण नाही. पण वाद मुख्यतः धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा यावर होता.

तिसरं आपल्या अंगणातलं. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलं की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. हे नाकारलं कोणी? ज्यांना आपण अभिमानाने उज्जैनचे म्हणतो त्या वराहमिहिरांनी. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे आले असते, असं त्यांनी विचारलं. पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्तानेही आर्यभटाला विरोध केला. पण माझ्या वाचनात त्या वादात ‘पृथ्वी फिरली तर माणसाची किंमत काय राहील’ असा प्रश्न कोणी केलेला नाही. पक्षी, वारा, पडणाऱ्या वस्तू यांवरच ते बोलत राहिले. माणसाचं मोल पृथ्वीच्या जागेला बांधलेलंच नव्हतं, म्हणून ती हलवायची की नाही हा त्यांना गणिताचा प्रश्न वाटला.

मैमोनिडीस हा बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित. सृष्टी माणसासाठी निर्माण झाली हा समज चूक आहे, असं त्याने आपल्या धर्माच्या चौकटीत राहूनच लिहिलं. वक्त्यांच्या ‘सगळे धर्म’ या शब्दांना एवढी उदाहरणं पुरेशी आहेत.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

सर, एक शंका. उज्जैनला लोक महाकाल पृथ्वीची नाभी आहे म्हणतात. मग आपल्याकडेही मध्यभागाची हौस होतीच ना?

पाटीफळा

होती, आणि ती कशी तयार झाली हे शोधणं फार रंजक आहे. सिद्धांतग्रंथांत, म्हणजे आपल्या जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांत, लंका, उज्जयिनी आणि मेरू यांच्यावरून जाणारी रेषा शून्य रेखांश धरली आहे. ती लंका म्हणजे विषुववृत्तावरचा गणिती बिंदू. ग्रहगणिताला कुठून तरी सुरुवात करावी लागते म्हणून ही रेषा. पुढे गणित पंचांगकर्त्यांकडे राहिलं आणि बाकीच्यांकडे नाभी आली. आज ग्रीनिचला कोणी जगाची नाभी म्हणत नाही, पण काम तेच.

बाळ, २१ जूनला उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन ये. सवाई जयसिंगांनी माळव्याचे सुभेदार असताना बांधलेली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करून घेतलेली. तिथे शंकुयंत्र आहे. कर्कवृत्त तिथून थोडं उत्तरेला, त्यामुळे घड्याळात साडेबाराच्या सुमारास शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. तू शेजारी उभा राहिलास तर तुझीही सावली पायाखाली गोळा होईल. सूर्य नेमका माझ्याच डोक्यावर आहे असं त्या क्षणी वाटतं, खरंच वाटतं. पण त्याच अक्षांशावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपापल्या दुपारी तसंच दिसतं. इंदूर थोडं दक्षिणेला असल्याने आपल्याकडे हा योग वर्षातून दोनदा येतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. मुलांना मी शाळेच्या गच्चीवर नेऊन दाखवत असे.

आधुनिक विश्वशास्त्रही हेच सांगतं. दृश्य विश्वाच्या मध्यभागी प्रत्येक निरीक्षक असतो, कारण प्रकाश त्याच्याकडे सगळीकडून सारख्याच अंतरावरून येतो. आपली आकाशगंगा मात्र आपल्याभोवती नाही. तिच्या मध्यापासून आपण सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहोत, हे हार्लो शॅपलीच्या १९१८ च्या कामापासून कळू लागलं. तेव्हा कुठल्या चर्चने की मठाने आरडाओरडा केला?

सांगलीकर_इंदुरात

मी दिगंबर जैन, माहेर सांगलीकडचं, लग्नानंतर इंदूर. आमच्या परंपरेबद्दल लिहायलाच हवं, कारण ती या वादात कुठल्याच खणात बसत नाही.

आमच्याकडे विश्व निर्माण करणारा देवच नाही. लोक, म्हणजे हे विश्व, अनादि आहे. मध्यलोकात मधोमध जंबुद्वीप, त्याच्या मध्यावर मेरू. या जंबुद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र सांगितलेत. त्याभोवती समुद्र आणि द्वीपं एकाआड एक, असंख्य. आणि त्या असंख्य द्वीपांपैकी माणसाची वस्ती फक्त अडीच द्वीपांत. पुष्कर द्वीपाच्या मधोमध जो मानुषोत्तर पर्वत आहे, त्याच्या पलीकडे मनुष्य नाही. म्हणजे जागेच्या हिशेबाने माणूस मध्यभागी आहे खरा, पण किती थोड्या जागेत! बाकी सगळा लोक इतर जीवांनी भरलेला. पाण्याच्या थेंबात जीव, वाऱ्यात जीव, ज्वाळेत जीव, आणि निगोदात, म्हणजे सगळ्यांत सूक्ष्म जिवांच्या पातळीवर, तर अनंत.

तर्कशुद्धभाऊ, मोक्ष फक्त मनुष्यगतीतून, हे आम्हीही मानतो. स्वर्गातल्या देवालाही मुक्तीसाठी मनुष्यजन्म घ्यावा लागतो. पण याला आम्ही घरी कधी मान म्हणून शिकलो नाही. माझी आजी पाणी गाळून उरलेलं जिवाणी परत विहिरीत सोडायची. बादलीला उलटी कडी असायची, ती तळाशी पोचली की हलक्या हाताने पालथी करायची, म्हणजे कापडावर राहिलेले जीव वरून आदळून मरू नयेत. संयम पाळण्याची शक्ती ज्याच्यात आहे त्याच्यावरच तो पाळायचं ओझं. माणूस श्रेष्ठ म्हणून त्याला सगळं माफ, असं नाही. माणूस आहेस म्हणून तुला कमीत कमी माफ.

तर्कशुद्ध

ताई, बादलीच्या कडीचं वाचून थांबलो. हे मला माहीत नव्हतं. जबाबदारी आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण तरीही सगळ्या नाटकाचा नायक माणूसच राहतो, एवढं म्हणणं मी सोडत नाही.

जुनी_पलासिया

तुम्ही सगळे ग्रंथांवर बोलताय. मी माझ्या पत्रिकेवर बोलते.

मला मंगळ आहे. ‘कडक’. बाविसाव्या वर्षापासून माझ्यासाठी स्थळं बघायला लागले आणि प्रत्येक ठिकाणी पत्रिका बघेपर्यंत सगळं चांगलं असायचं. मुलगा बोलायचा, त्याची आई हसून चहाचा कप परत करायची, आणि चार दिवसांनी निरोप यायचा. मी एम. कॉम. होते, नोकरी करत होते. कोणी कधी विचारलं नाही की बाई, तू कशी आहेस. विचारलं ते सातव्यात आहे की आठव्यात. शेवटी आईबाबांनी मला उज्जैनला मंगळनाथला नेलं. मंगळाचं ते जन्मस्थान मानतात, आणि तिथे भातपूजा होते, शिवलिंगाला शिजवलेल्या भाताचा लेप देतात. उग्र ग्रह थंड व्हावा म्हणून. तो पांढरा भात थापताना माझ्या हाताला ऊब लागत होती आणि मला रडू येत होतं. देवावर राग नव्हता. एवढा लांबचा ग्रह, त्याला माझ्या लग्नाशी काय करायचंय, हा विचार करून रडू येत होतं.

माझं म्हणणं एवढंच. धर्माने मला विश्वाच्या मध्यभागी बसवलं तर ते असं बसवलं, आरोपीच्या पिंजऱ्यात. मध्यभागी असण्याचा मान कोणाला मिळत असेल तो मिळो. माझ्या वाट्याला आला तो दोष.

छत्रीबाग_काकू

अगं पोरी. वाचून जीव गलबलला.

पाटीफळा

ताई, यावर थोडं गणित मांडतो, कारण ते तुमच्या बाजूने आहे. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात असला की दोष धरतात. बारातली पाच स्थानं. म्हणजे शंभर पत्रिका उघडल्या तर चाळीसच्या आसपास पत्रिकांत तो निघणारच. इतक्या लोकांना एकच दोष लागत असेल तर तो दोष नव्हे, ती सर्वसाधारण अवस्था आहे. शनीचंही तसंच. सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटरवर तो साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी करतो, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. त्याच्या फेरीचं गणित बरोबर आहे. ती फेरी माझ्या नोकरीसाठी आहे, हा जोड माणसाने दिला.

आणि हेही लिहून ठेवतो की २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपलं मंगळयान त्या ग्रहाभोवती फिरायला लागलं.

उत्तरतीर

जुनी पलासियाताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझा मूळ प्रश्नच बदलला. मी वर्णन आणि मागणं असे दोन भाग केले होते. तिसरा राहिला होता, भीती. मागण्यात माणूस निदान हात जोडून स्वतःहून मध्यभागी येतो. भीती त्याला ओढून आणते. मला आता वाटतं की विश्वाला माणसाभोवती फिरवायचं काम तत्त्वज्ञानाने फारसं केलं नाही, ते या भीतीने केलं. आणि ती भीती कोपर्निकसने गेली नाही, मंगळयानानेही गेली नाही. आजही मोबाईलवर पत्रिका जुळवतात, तेच सातवं-आठवं.

छत्रीबाग_काकू

मला टाइप करायला वेळ लागतो, नातवाने आवाजावरून लिहून घेतलंय.

आमचे सासरे जेवायला बसले की आधी पानाभोवती पाणी फिरवून उजवीकडे भाताची पाच शितं मांडायचे. चित्राहुती. त्यातली शेवटची सर्व भूतांसाठी, म्हणजे सगळ्या जिवांसाठी. त्याच्या आधी तोंडात घास नाही. सासूबाई पहिली पोळी गाईची काढायच्या, शेवटची कुत्र्याची. नागपंचमीला आम्ही घरात चिरत नाही, तवा ठेवत नाही, तेव्हा पुरणाची दिंडं उकडायची. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, त्या दिवशी गाईचं दूधतूप खायचं नाही, ते वासराचं. पितृपक्षात कावळा शिवेपर्यंत जेवणं खोळंबायची. एकदा तीन वाजले होते, पाहुणे भुकेने कासावीस, आणि सासूबाई गच्चीत उभ्या, काय राहिलं असेल आपल्याकडून म्हणून कावळ्याला विचारतायत.

आता तुम्ही म्हणता माणूस मध्यभागी. ज्या घरात कावळ्याच्या परवानगीशिवाय माणसाला जेवता येत नव्हतं, तिथे मध्यभागी कोण होतं ते तुम्हीच सांगा. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. या गोष्टी आम्ही मुलांना झोपताना सांगितल्या. दत्तात्रेयांनी तर पिंगळा नावाची गणिका, कबुतर, अजगर, कोळी असे चोवीस गुरू केले. माणसाने अजगरापुढे शिष्य म्हणून बसायचं, हा आमचा धर्म.

आणि पोरी, मंगळाचं ते मी माझ्या नातीच्या वेळी बघितलं नाही. पत्रिका मागितली त्यांना आम्ही मुलीला भेटा म्हटलं.

तर्कशुद्ध

काकू, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. तुमच्या घरातलं वागणं माझ्या युक्तिवादापेक्षा मोठं आहे. पण समाज म्हणून आपण काय करतो ते बघू या.

आपली क्षिप्रा. तिला आपण मोक्षदायिनी म्हणतो, माता म्हणतो. तिच्यात वर्षभर वाहतं पाणी राहिलं नाही. मग काय केलं? २०१४ मध्ये ओंकारेश्वरकडून नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून आपल्या इंदूरजवळच्या उज्जैनी गावात, क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडलं. प्रकल्पाच्या नावातच सिंहस्थ आहे. २०१६ च्या सिंहस्थाला लोकांनी स्नान केलं ते क्षिप्रेत आणलेल्या नर्मदेच्या पाण्यात. आता २०२८ येतंय. आणि आपल्या शहरातली कान्ह नदी? तिचं पाणी पुढे जाऊन त्याच क्षिप्रेला मिळतं, आपण ते कोणत्या अवस्थेत पाठवतो ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पुलावर उभं राहिलं की दिसतं, वासही येतो. नदी आई असती तर ती आजारी का पडली हे आधी विचारलं असतं. आपल्याला आपलं स्नान हवं होतं. यात मध्यभागी नदी आहे की माणूस?

१९६७ साली लिन व्हाईट नावाच्या इतिहासकाराने लेख लिहिला होता की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगातला सर्वांत मनुष्यकेंद्री धर्म आहे आणि निसर्गाच्या नाशाची मुळं तिथे आहेत. आपल्याकडे तो लेख मोठ्या आनंदाने उद्धृत करतात, पहा आमचा धर्म कसा वेगळा म्हणून. कान्हच्या काठावर उभं राहून मला तो आनंद होत नाही.

कोकण_ते_माळवा

सलाम आणि नमस्कार. मी कोकणी मुसलमान, घरात मराठी बोलतो, नोकरीनिमित्त बरीच वर्षं इंदुरात.

कुराणात दोन्ही गोष्टी आहेत. अल्लाह फरिश्त्यांना सांगतो की मी जमिनीवर एक खलिफा नेमणार आहे, आणि फरिश्ते विचारतात की जो तिथे फसाद करील, रक्त सांडील त्याला? पुढे आदमसमोर त्यांना झुकायला सांगितलं जातं. एवढं वाचलं तर माणूस सगळ्यांत वर. पण चाळिसाव्या सूरेत सत्तावन्नावी आयत आहे. तिचा आशय असा की आकाशांची आणि जमिनीची निर्मिती ही माणसांच्या निर्मितीपेक्षा नक्कीच मोठी आहे, पण बहुतेक लोकांना ते कळत नाही. खलिफा म्हणजे मालक नाही, मालकाने नेमलेला. त्याला हिशेब द्यायचा आहे.

इंदुरात राहून मला याचं फार जवळचं उदाहरण मिळालं. अहिल्याबाई होळकर राज्याचे हुकूम शंकराच्या नावाने काढत. राज्य शंकराचं, आपण त्याच्या आज्ञेने कारभार बघतो, ही त्यांची भावना. माझ्या अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाईंना खिलाफतीचा अर्थ बरोबर समजला होता.

तर्कशुद्धभाई, कान्ह नदीबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांनाच लागू आहे. कारभाऱ्याने स्वतःला मालक समजलं की असंच होतं, मग धर्म कुठलाही असो.

पाटीफळा

कोकणभाऊंच्या आयतीवरून बायबलमधला ईयोब आठवला. सगळं गमावलेला तो भला माणूस देवाला जाब विचारतो, आणि देव वादळातून उत्तर देतो ते प्रश्नानेच: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? मग चार अध्याय रानबकऱ्या, रानगाढव, शहामृग, गरुड. जिथे माणूस राहत नाही त्या ओसाड रानात पाऊस कोण पाडतो, असंही विचारतो. माणसाचा उपयोग नसलेल्या जागी पडणारा पाऊस! उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाशेजारी हेही ठेवावं लागतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या पर्यावरणावरच्या पत्रात माणसाच्या बेबंद सत्तेचा अर्थ स्वच्छ नाकारला आहे, म्हणजे परंपरा स्वतःशीही भांडतात.

विज्ञानाकडूनही एक गंमतशीर वळण सांगतो. १९७३ साली कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात परिषद भरली. तिथेच ब्रँडन कार्टर नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं की आपली जागा मध्यवर्ती नसली तरी ती काही अंशी विशेष असणारच, कारण निरीक्षक जन्मूच शकणार नाही अशा जागी आणि अशा काळी बघायला कोणी नसतं. तर्कशुद्ध, तुम्ही विचारलंत ना, बाकीचा काळ कोणासाठी होता? ताऱ्यांच्या पोटात कार्बन आणि ऑक्सिजन शिजायला, ते तारे फुटून विखुरायला आणि त्यातून पृथ्वी घडायला शेकडो कोटी वर्षं लागतात. तो काळ कोणासाठी होता ते मी सांगू शकत नाही. पण तो गेला नसता तर तुम्ही आणि मी इथे लिहीत नसतो.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

भिया लोक, एक शेवटचं विचारतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला परग्रह १९९५ मध्ये सापडला, आता पाच हजारांच्या वर झालेत. उद्या एखाद्यावर विचार करणारे जीव सापडले तर धर्मांचं काय होईल? तेव्हा तरी माणूस मध्यभागी नाही हे मान्य करावं लागेल ना?

सांगलीकर_इंदुरात

आमच्या शास्त्राला इतर लोकांतल्या जिवांचं नवल वाटणार नाही. अडचण येईल ती अडीच द्वीपांच्या मर्यादेची. ते जीव मनुष्यगतीतले म्हणायचे का, त्यांना दीक्षा घेता येईल का, यावर आमच्याकडे मोठी चर्चा होईल. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

तर्कशुद्ध

ख्रिस्ती लोकांपुढे प्रश्न जास्त अवघड आहे. देवाचा पुत्र एकदाच, एका ग्रहावर, माणसाच्याच देहात आला असं ते मानतात. तिकडच्यांचं तारण कसं? आपल्याकडेही राम आणि कृष्ण माणसाच्याच रूपात आहेत. ते तिकडे कोणत्या रूपात जातील?

छत्रीबाग_काकू

अरे, यात अवघड काय आहे? आधी मासा झाला, मग कासव, मग वराह. माणसाचं रूप त्याने नंतर घेतलं, आणि तेही आधी अर्धंच, नरसिंहाचं. तिकडे जे असतील त्यांच्यासारखा होईल. नातू विचारतोय, त्यांना आठ हात असले तर? असू देत की. आपल्या देवीलाही आहेतच.